साथीच्या काळात रुग्णाजवळ घरचं माणूस: भेटबंदी कुठवर योग्य, आणि आपण काय मागावं

प्रश्न: माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांना कमी ऐकू येतं, कानाला यंत्र लावतात, आणि वर्षभरापासून विसरभोळेपणाही वाढला आहे. न्यूमोनियामुळे ते भरती आहेत. साथ सुरू असल्यामुळे हॉस्पिटलने सगळ्या भेटी बंद केल्या आहेत. दोन दिवसांपासून फोनवर ते असंबद्ध बोलतात, नीट जेवत नाहीत असं सिस्टर सांगतात. आम्ही विनंती केली तर ‘नियम सगळ्यांना सारखा’ एवढंच उत्तर मिळतं. हा नियम शास्त्राला धरून आहे का? आणि आम्ही नेमकं काय मागू शकतो?

उत्तर: मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे आणि हॉस्पिटलच्या संसर्ग नियंत्रण समितीवरही काम करते. म्हणजे असे नियम मी लिहिले आहेत आणि त्यांचा परिणाम खाटेशेजारी उभं राहून पाहिलाही आहे. थेट उत्तर आधी देते. साथ जोरात असताना वॉर्डातली वर्दळ बंद करणं बरोबर आहे. तुमच्या वडिलांसारख्या रुग्णाजवळ घरचं एक ठरलेलं माणूस असणंही तितकंच बरोबर आहे. समाचाराला येणारे दहा जण आणि रुग्णाचं सगळं करणारा एक जण यांना एकाच नियमात कोंबलं की घोळ होतो. तुमच्या बाबतीत तोच झालेला दिसतो.

आधी हॉस्पिटलची बाजू सांगते. ती समजली नाही तर तुमची मागणीही नीट मांडता येणार नाही. २०१५ साली दक्षिण कोरियात मर्सची (कोरोना गटातल्याच एका विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या गंभीर आजाराची) साथ आली. आखाती देशांतून परतलेल्या एका प्रवाशापासून ती सुरू झाली, एकूण १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण दगावले. त्यातला एक रुग्ण सोलमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात सुमारे तीन दिवस होता. त्याच्यापासून ८२ जणांना संसर्ग झाला. नंतर त्याची नीट छाननी झाली तेव्हा दिसलं की त्या ८२ जणांत ३३ रुग्ण होते, ८ कर्मचारी होते आणि ४१ जण भेटायला किंवा सोबतीला आलेले होते. निम्मे. गर्दीचा विभाग, खाटेला खाट लागलेली, प्रत्येक रुग्णामागे दोन-तीन माणसं. विषाणूला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

२००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत सार्सचंही, म्हणजे अशाच दुसऱ्या श्वसनाच्या आजाराचं, असंच झालं. पहिल्या रुग्णाचा मुलगा आजारी पडून आपत्कालीन विभागात कित्येक तास खाटेवर होता. आसपासच्या रुग्णांना तिथे लागण झाली, त्यांच्यासोबत घरच्यांना झाली, आणि तिथून ती इतर हॉस्पिटलांत पोचली. तिथल्या प्रशासनाने भेटी बंद केल्या तेव्हा त्यांच्यासमोर हे चित्र होतं. त्यामुळे भेटबंदी म्हणजे निव्वळ नोकरशाहीचा हट्ट, असं मी कधीच म्हणणार नाही.

कोविडमध्ये आणखी एक अडचण होती. लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकत होता. दाराशी ताप मोजून आत सोडलेल्या माणसाला ताप नव्हता याचा अर्थ तेवढाच, त्या क्षणी ताप नव्हता. रॅपिड टेस्टचंही तसंच आहे. विषाणूचं प्रमाण जास्त असताना ती चांगली पकडते, संसर्गाच्या अगदी सुरुवातीला निसटू देते. शिवाय २०२० च्या पहिल्या काही महिन्यांत मास्क आणि गाउन कर्मचाऱ्यांनाच पुरत नव्हते. बाहेरून आलेल्या माणसाला गाउन घालायला शिकवायचं, काढताना लक्ष ठेवायचं, तर एक सिस्टर प्रत्येक वेळी त्यातच अडकते. तिच्याकडे नेहमीपेक्षा दुप्पट रुग्ण असतील तर तिने काय करावं? त्या दिवसांत दारं सरसकट बंद केली गेली, आणि तो निर्णय मला आजही समजण्यासारखा वाटतो.

पण तो निर्णय टंचाईतून आला होता. टंचाई संपल्यावरही तोच नियम तसाच चालू ठेवला, तर त्याला शास्त्राचा आधार उरत नाही. मास्क मिळू लागले, टेस्ट मिळू लागल्या, लस आली, विषाणू कसा पसरतो हे कळलं, तसतसा नियम बदलायला हवा होता. अनेक ठिकाणी तो बदलला नाही. बंद करण्याचा आदेश एका दिवसात निघतो. उघडण्याच्या आदेशावर सही करायला मात्र कुणी पुढे येत नाही, कारण काही झालं तर सही करणाऱ्यावर येतं. समितीच्या बैठकीत हे मी जवळून अनुभवलं आहे. बंदीमुळे होणारं नुकसान कुठल्याच तक्त्यात मोजलं जात नसतं, आणि संसर्गाचा प्रत्येक आकडा रोज सकाळी टेबलावर असतो.

नियंत्रित पद्धतीने उघडून पाहण्याचा एक चांगला दाखला नेदरलँड्समधला आहे. तिथे २० मार्च २०२० पासून वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धाश्रमांत, भेटी पूर्ण बंद होत्या. मे महिन्यात २६ नर्सिंग होममध्ये प्रत्येक रहिवाशासाठी एकाच ठरलेल्या माणसाला नियम पाळून यायची परवानगी दिली आणि पुढचे काही आठवडे बारीक लक्ष ठेवलं. त्या काळात नवा संसर्ग आढळला नाही. नर्सिंग होम म्हणजे हॉस्पिटल नव्हे, आणि तेव्हा बाहेरचा फैलावही ओसरत होता, हे मान्य करूनच मी हा दाखला देते. पण तिथले रहिवासी सर्वांत नाजूक वयाचे होते, तरीही हे जमलं. माणूस एकच, ठरलेला, शिकवलेला आणि मास्क घातलेला असेल तर हिशेब किती बदलतो, ते यातून दिसतं.

आता तुमच्या वडिलांकडे येते, कारण मला खरी काळजी त्यांची आहे. फोनवर असंबद्ध बोलणं आणि जेवण सोडणं ही लक्षणं डिलिरियमची असू शकतात. डिलिरियम म्हणजे आजारपणात अचानक आलेली भ्रमावस्था. आधीचा विसरभोळेपणा वेगळा आणि हे वेगळं. हे काही तासांत किंवा दिवसांत येतं, दिवसभरात कमी-जास्त होतं, आणि संध्याकाळी बहुधा वाढतं. काही रुग्ण ओरडतात, सलाइन उपसतात, ऑक्सिजनचा मास्क काढून फेकतात. ते लगेच लक्षात येतं. काही मात्र गप्प होतात, भिंतीकडे बघत पडून राहतात, घास तोंडात धरून ठेवतात. असा रुग्ण घाईच्या शिफ्टमध्ये ‘शांत आहे, त्रास देत नाही’ म्हणून सुटून जातो. घरचं माणूस मात्र दोन मिनिटांत सांगतं की हे असे नाहीत.

तुमच्या वडिलांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कानातलं यंत्र भरतीच्या वेळी काढून पिशवीत ठेवलं गेलं असेल, आणि पिशवी कपाटात. यंत्र कानात असलं तरी त्याचा छोटा सेल साधारण आठवडाभर चालतो, मग यंत्र मुकं होतं. कमी ऐकू येणारी माणसं नकळत समोरच्याच्या ओठांकडे बघून अर्धं समजून घेतात. इथे प्रत्येक चेहऱ्यावर मास्क. डोळे सोडून काही दिसत नाही, आवाज मास्कमागून दबका येतो, वर ऑक्सिजनचा घोंघाट. चष्मा कुठे आहे कुणाला माहीत नाही. रात्री तीनला दिवे लागतात, कुणी तरी हात धरून रक्त काढतं. दिवस आहे की रात्र, हे घर आहे की दुसरं काही, हे सांगणारा ओळखीचा आवाज दिवसभर कानावर पडत नाही. धडधाकट माणसाचंही भान सुटेल. आणि डिलिरियम झालेला वृद्ध रुग्ण हॉस्पिटलात जास्त दिवस राहतो, पडण्याची भीती वाढते, पुढे स्मरणशक्तीही अधिक ढासळू शकते.

याबद्दल पुरावा काय आहे, तेही सांगते. कोविड झालेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०२१ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. १४ देशांतले ६९ विभाग आणि २०८८ रुग्ण. निम्म्याहून जास्त, जवळपास ५५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला होता. ज्यांना घरच्यांची प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून भेट मिळत होती, त्यांच्यात डिलिरियमची शक्यता साधारण सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी कमी आढळली. हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे, त्यामुळे ‘भेटीमुळेच कमी झालं’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. बरे होत आलेल्या रुग्णांना भेट मिळण्याची शक्यताही जास्त असते. साथीच्या आधी, २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या ३६ अतिदक्षता विभागांत झालेल्या चाचणीत भेटीचे तास बारापर्यंत वाढवूनही डिलिरियममध्ये ठळक फरक पडला नव्हता. पण घरच्यांमधली चिंता आणि नैराश्य मात्र कमी झालं होतं. दोन्ही अभ्यास एकत्र वाचून माझं मत असं आहे: नुसते तास वाढवण्याने फारसं साधत नाही. ठरलेलं माणूस ठरलेली कामं करत जवळ असेल तर साधतं.

ती कामं कोणती? यंत्राचा सेल बदलणं, चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवणं, कवळी बसवणं, उठवून बसवून घास भरवणं आणि ठसका लागला तर थांबणं. लघवीला लागलं की ते कसे चुळबुळ करतात हे ओळखणं, म्हणजे ते एकटे खाटेवरून उतरायला जाणार नाहीत. वार, तारीख, जागा, घरात काय चाललंय हे पुन्हा पुन्हा शांतपणे सांगणं. कुठल्या गोळीने पूर्वी त्रास झाला होता हे राउंडच्या वेळी डॉक्टरांना सांगणं. यातलं एकही काम ‘भेट’ या सदरात बसत नाही. ही शुश्रूषा आहे, आणि साथीत कर्मचारी कमी पडत असताना तिचं मोल वाढतं.

घरच्यांवर होणाऱ्या परिणामाचीही नोंद झाली आहे. फ्रान्समधल्या २३ अतिदक्षता विभागांतल्या रुग्णांच्या नातेवाइकांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या कोविड रुग्णांच्या घरच्यांपैकी ३५ टक्के लोकांत तीन महिन्यांनंतर मानसिक आघाताची लक्षणं होती. तोच आजार इतर कारणांनी झालेल्यांच्या घरच्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. जवळ जाता न येणं हे त्यामागचं एकमेव कारण नसेल, पण ज्या घरांनी फक्त फोनवरून मृत्यू ऐकला त्यांच्याशी मी नंतर बोलले आहे. वर्षांनंतरही ते पहिला प्रश्न तोच विचारतात: शेवटी जवळ कोण होतं?

तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध नसला तरी बाळंतीण आणि नवजात बाळ यांच्याबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण सरसकट बंदीने सर्वांत उघड नुकसान तिथे केलं. २०२० च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये काही हॉस्पिटलांनी प्रसूतीच्या खोलीत जोडीदारालाही मनाई केली. लोकांचा एवढा संताप झाला की काही दिवसांतच राज्याने आदेश काढून एका माणसाला परवानगी द्यायला लावली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साथीतही तोच राहिला: प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीचं एक माणूस तिच्याजवळ असावं, आणि आईला कोविड झाला असला तरी तिला मास्क आणि हात धुण्याची काळजी घेऊन बाळाजवळ राहू द्यावं. कमी वजनाच्या बाळांच्या बाबतीत तर हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. एक किलो ते साधारण १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथाईने कमी होतात, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज होता की आई-बाळाला एकत्र ठेवून ही पद्धत सगळीकडे वापरली तर सव्वा लाखांहून जास्त बाळं वाचू शकतात, आणि कोविड लागून दगावणाऱ्या बाळांचा धोका त्यापुढे अगदी लहान होता. तरीही कित्येक ठिकाणी आईला बाळापासून वेगळं काढलं गेलं.

लहान मुलांच्या वॉर्डांनी हा धडा एकदा आधीच घेतला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संसर्गाच्या भीतीने आईवडिलांना आठवड्यातून ठरावीक तासच मुलाला भेटू देत. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांसाठी भेटी खुल्या ठेवण्याची शिफारस केली आणि हळूहळू ते बदललं. आज कुठलंही चांगलं बालरुग्णालय आईला बाहेर काढत नाही. वृद्धांच्या बाबतीत आपण अजून तिथे पोचलेलो नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता नियम कसा असावा. मी लिहिताना तीन स्तर ठेवते. सर्वसाधारण भेटी साथीच्या चढत्या काळात बंद, यात शंका नाही. दुसरा स्तर सोबत्याचा: ज्या रुग्णाला स्वतःचं सांगता येत नाही, म्हणजे डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार), डिलिरियम, बौद्धिक अपंगत्व, मूकबधिरत्व, तसंच मुलं आणि प्रसूतीसाठी आलेल्या बायका. त्यांच्यासाठी एक नाव नोंदवायचं, जोडीला एक बदली नाव, आणि तो माणूस आजारी नसेल तोवर बंदी त्याला लागू नाही. तिसरा स्तर मृत्यू जवळ आलेल्या रुग्णांचा, त्यांच्यासाठी दार नेहमी उघडं. साथ कितीही पेटली तरी दुसरा आणि तिसरा स्तर बंद करायचा असेल तर कारण लिहून ठेवायचं आणि आठवड्याच्या आत फेरविचार करायचा. ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द माझ्या मते अशा नियमात असूच नयेत.

कायदेही या दिशेला सरकले आहेत. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून हॉस्पिटल, केअर होम (वृद्धाश्रमासारख्या संस्था) आणि हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्था) यांच्यावर भेटीची आणि सोबतीची सोय करण्याचं कायदेशीर बंधन आहे, अपवादात्मक परिस्थिती सोडून. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये कायदा करून रुग्णाला एक ‘अत्यावश्यक’ काळजीवाहू नेमण्याचा हक्क दिला. तुमच्याकडे असा कायदा असेल वा नसेल, हॉस्पिटलशी बोलताना ही भूमिका आता चाकोरीबाहेरची राहिलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही काय करायचं? दारावरच्या सुरक्षा रक्षकाशी आणि रिसेप्शनशी वाद घालू नका, त्यांच्या हातात काही नसतं. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला शांत वेळ विचारून फोन करा. शिफ्ट बदलते तो अर्धा तास टाळा. वडिलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक गोष्ट स्पष्ट विचारा: ‘त्यांची डिलिरियमसाठी तपासणी झाली आहे का?’ हा प्रश्न भेटीच्या आधी विचारा, कारण भ्रमामागे लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कमी ऑक्सिजन, सोडियम घटणं किंवा झोपेची एखादी गोळी असू शकते आणि त्यावर इलाज वेगळा असतो. मग अर्ज द्या, आणि तो भावनेवर न लिहिता कामावर लिहा. काहीसा असा: ‘माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे आणि ऐकू येत नाही. दोन दिवसांपासून ते गोंधळलेले आहेत आणि जेवत नाहीत. त्यांना भरवणं, यंत्र लावणं आणि धीर देणं यासाठी मला एकटीला किंवा एकट्याला ठरावीक वेळी आत येऊ द्यावं. मला लक्षणं नाहीत, लस घेतली आहे, सांगाल ती टेस्ट करीन, मास्क पूर्ण वेळ ठेवीन, दुसऱ्या रुग्णाच्या खाटेकडे जाणार नाही. परवानगी नाकारायची असल्यास कारण आणि फेरविचाराची तारीख लेखी कळवावी.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लेखी नकार द्यायचा म्हटलं की माणूस नियम पुन्हा वाचतो, आणि पुष्कळदा अपवादाचं कलम त्यातच सापडतं. उत्तर आलं नाही तर अर्जाची प्रत मेट्रन, संसर्ग नियंत्रणाची जबाबदारी असलेली सिस्टर आणि वैद्यकीय अधीक्षक यांना द्या.

घरातलं कोण जाणार हे आधी ठरवा. तब्येतीने ठीक, लस घेतलेलं, घरात कुणी आजारी नसलेलं, आणि वडील ज्याचं ऐकतात असं माणूस. आईचं वय झालं असेल, तिला दमा किंवा मधुमेह असेल, तर तिचं मन कितीही ओढ घेत असलं तरी तिला रोज पाठवू नका. रोज माणूस बदलू नका. चार माणसं आळीपाळीने येणं म्हणजे चार घरांचे संपर्क एका खाटेशी आणणं, आणि मग हॉस्पिटलचा आक्षेप रास्त ठरतो.

आत गेल्यावर मास्क हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, हातमोजे नाहीत. चांगला बसणारा एन९५ असेल तर उत्तम. दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा. नाकाजवळून किंवा गालावरून हवा सुटली तर तो बसलेला नाही, पट्टी पुन्हा दाबा. दाढी असेल तर तो नीट बसणार नाही. आत असताना काही खायचं-प्यायचं नाही. हे लोक विसरतात: वडिलांना भरवता भरवता मास्क खाली करून स्वतः चहाचा घोट घेतात, आणि सगळी खबरदारी तिथेच संपते.

खरी परीक्षा बाहेर पडताना असते. मी दारात उभी राहून कित्येकांना हे करताना पाहिलं आहे. आत दोन तास सगळं नीट सांभाळलेलं माणूस बाहेर येताच सुटकेने पहिल्यांदा मास्क ओढतं, तेही त्याच हातमोज्यांनी. क्रम उलटा आहे. आधी हातमोजे, बाहेरची बाजू आत वळवून. मग गाउन, तोही आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत. मग हात स्वच्छ: अल्कोहोलचं द्रावण असेल तर २० ते ३० सेकंद चोळून, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. मग संरक्षक चष्मा किंवा चेहऱ्यावरची शील्ड मागच्या बाजूने धरून. मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, फक्त पट्ट्या धरून. आणि पुन्हा हात. घाई करू नका. कुणी मागे उभं असलं तरी थांबू दे.

रुग्णाला नळी घालणं, घशातला कफ ओढणं असं काही चालू असेल तर सिस्टर तुम्हाला बाहेर थांबवतील आणि नंतरही काही वेळ आत सोडणार नाहीत. त्याचं कारण हवा आहे, अशा वेळी विषाणूचे बारीक कण तिच्यात उडतात. खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलत असेल तर तिच्यातले ९९ टक्के कण जायला साधारण २३ मिनिटं लागतात, सहा वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. त्या वेळी हुज्जत घालू नका.

परवानगी मिळेपर्यंत मधले दिवस वाया घालवू नका. यंत्र, त्याचे जादा सेल, चष्मा, कवळीची डबी असं नाव लिहून पाठवा आणि मिळालं का ते फोन करून विचारा. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: त्यांना घरी काय हाक मारतात, कुठल्या कानाने जास्त ऐकू येतं, गरम पाणी लागतं की गार, कशाने शांत होतात, कशाला घाबरतात. हा कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवायला सांगा. आम्हाला तो खरोखर उपयोगी पडतो, रात्री दोन वाजता वैतागलेल्या माणसाशी कशावरून बोलावं हे त्यातून कळतं. व्हिडिओ कॉलसाठी दिवसातली एक वेळ ठरवून घ्या. फोन हातात देऊन सिस्टर निघून गेल्या तर विसरभोळ्या माणसाला पडद्यावरचा चेहरा कळत नाही, तो आणखी गोंधळतो. कुणी तरी फोन धरायला हवा, यंत्र कानात हवं, आणि कॉल पाच-सात मिनिटांचा पुरे. ‘ओळखलंत का?’ असं विचारू नका. ‘बाबा, मी बोलतोय’ किंवा ‘बोलतेय’ असं म्हणून आपलं नाव आधी सांगा.

जिथे प्रत्यक्ष जवळ जाणं अगदीच अशक्य असतं, तिथेही मार्ग निघतात. इबोलात मृत्यूचं प्रमाण कोविडपेक्षा किती तरी जास्त, तरी उपचार केंद्रांमध्ये दुहेरी कुंपण घालून मध्ये अंतर ठेवत रुग्ण आणि घरचे समोरासमोर बोलत. २०१८ मध्ये काँगोतल्या साथीत आलिमा या संस्थेने पारदर्शक भिंतींच्या खोल्या वापरल्या, ज्यात घरचे बाहेरून रुग्णाला पाहू शकत, त्याच्याशी बोलू शकत. इबोलात हे जमत असेल तर काचेच्या खिडकीशी पाच मिनिटं उभं राहू द्यायला कुठल्याही हॉस्पिटलने नाही म्हणू नये.

वडिलांची तब्येत बरी व्हावी हीच इच्छा आहे, पण बिघडली तर काय, हे आजच विचारून ठेवा. ‘ते गंभीर झाले तर आम्हाला किती आधी कळवाल आणि किती जणांना आत सोडाल?’ हा प्रश्न अशुभ नाही. पुष्कळ ठिकाणी शेवटच्या काही तासांसाठी परवानगी असते, पण ‘शेवटचे काही तास’ कधी सुरू झाले हे ओळखायला आम्हा डॉक्टरांनाही जमत नाही. त्यामुळे फोन उशिरा येतो. डॉक्टरांना सांगून ठेवा की शंका आली तरी कळवा, खोटा इशारा निघाला तर आम्ही तक्रार करणार नाही. केसपेपरवर तुमचे दोन नंबर लिहिलेले आहेत का आणि ते बरोबर आहेत का, हेही तपासून घ्या.

परवानगी मिळून तुम्ही जाऊ लागलात, तर पुढचे दिवस स्वतःवर लक्ष ठेवा. घसा खवखवला, अंग दुखलं, ताप आला, तर त्या दिवशी जाऊ नका, टेस्ट करा, आणि शेवटच्या भेटीची तारीख सांगून वॉर्डला लगेच फोन करा. लपवलंत तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला धोका, आणि पुढच्या कुटुंबाची परवानगीही जाते. बदली म्हणून जे नाव दिलं आहे त्याला आजच सगळं शिकवून ठेवा, मास्कपासून यंत्राच्या सेलपर्यंत, म्हणजे तुम्ही घरी बसलात तरी वडिलांचा दिवस रिकामा जाणार नाही.